बारा गुलाबांचा नकाशा

मी काट्यावरून गुलाब ओळखते, असं मी उभ्या आयुष्यात शंभरदा तरी सांगितलं असेल. फूल बघून काय, कुणीही ओळखेल. पण पानं झडलेली नुसती काठी माझ्या हातात द्या, मी डोळे मिटून बोट फिरवीन आणि सांगेन, हा तांबडा, हा पांढरा, हा आईचा. ही फुशारकी मी एकसष्टाव्या वर्षापर्यंत मारली. त्या वर्षी आम्ही घर बदललं आणि तिचं काय झालं, ते आज लिहून ठेवते. आता मी ऐंशीच्या पुढे आहे. जिभेवर साखर राहिली नाही, मग लाज तरी कशाला राहील?

आमचं जुनं घर भाड्याचं, पण तीस वर्षं राहिल्यावर भाडं कुणाच्या लक्षात राहतं? स्वयंपाकघराचं दार थेट बागेत उघडायचं. बाग म्हणजे घर आणि रस्ता यांच्यामधला एक चौकोनी तुकडा. पलीकडे कुंपणाची भिंत, भिंतीत फाटक, फाटकाबाहेर रस्ता. त्या तुकड्यात तीन ओळींत चार-चार, असे बारा गुलाब होते. दाराला अगदी लागून, डाव्या हाताला, आईचा गुलाब. लग्न होऊन निघाले तेव्हा आईने वीतभर काडी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली होती. फिका गुलाबी रंग, पाकळ्या मोजायला बसलं तर दूध उतू जावं इतक्या, आणि वास असा की भाजी फोडणीला टाकताना मी दार उघडं ठेवायचे, म्हणजे दोन्ही वासांची भेट व्हावी. आई गेली, आईचं घर पाडून तिथे रुंद रस्ता झाला. तिच्या हातचं माझ्याकडे उरलं ते एवढंच.

आणि सगळ्यात लांब, उजव्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत होती घुमी. तिचं नाव मीच ठेवलं. रोपवाल्याकडची चिठ्ठी हरवली होती, "कुठला रंग निघतो ते बघा ताई, नशिबाचा खेळ," म्हणून त्याने ती स्वस्तात गळ्यात मारली. वीस वर्षांत तिने एक कळी दाखवली नाही. बोलणं नाही, हसणं नाही, काटे काढून उभी. काढून टाकायला मन धजत नव्हतं, इतकंच.

घरमालकाच्या मुलीला घर हवं झालं आणि आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. वर मोकळी गच्ची, दिवसभर ऊन. पण गच्चीवर मातीने भरलेली पिंपं सहाच ठेवा, जास्त भार नको, असं बांधणाऱ्याने बजावलं. म्हणजे सहा गुलाब न्यायचे, सहा वाटायचे. मी रात्रंदिवस विचार करून यादी केली. चांगले सहा माझे. उरलेले पाच शेजारपाजाऱ्यांना, आणि घुमी माझ्या वन्संना.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. प्रसूतीच्या वॉर्डात पस्तीस वर्षं परिचारिका होत्या. स्वतः लग्न केलं नाही. "रोज पाच-सहा बाळं हातात येतात, आणखी घरी कशाला?" म्हणायच्या. दहा वर्षं त्या माझ्याकडे आईच्या गुलाबाची काडी मागत होत्या आणि दहा वर्षं मी "यंदा नको, झाड थकलंय, पुढच्या वर्षी देते" म्हणत होते. झाड ठणठणीत होतं. खरं कारण असं की मी नवी सून म्हणून सासरी आले, तेव्हा ती काडी बघून वन्सं म्हणाल्या होत्या, "माहेरून काय आणलंस, तर काटे!" चाळीस वर्षं झाली होती, पण मी ते वाक्य लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं.

थंडी सरता सरता हलवायचं ठरलं. झाडं हलवायची तर आधी छाटायची. वन्सं देखरेखीला आल्या होत्या.

"आधी पट्टी, मग कात्री," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाच्या बुंध्याला नाव बांध."

"मला नाव कशाला लागतं? मी काट्यावरून ओळखते."

"आमच्या वॉर्डातल्या आयाही हेच म्हणायच्या. आम्ही पोटच्या पोराला ओळखू. मी म्हणायचे, ओळख बाई, पण पट्टी बांधल्यावर ओळख."

मी ऐकलं नाही. दिवसभर बसून बाराच्या बारा गुलाब गुडघ्याएवढे छाटले. संध्याकाळी बागेत काय उरलं, तर सगळ्या सारख्या दिसणाऱ्या बारा काटेरी काठ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरच्या बरण्या काढताना स्टुलावरून पडले आणि घोटा मोडला. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. मागच्या खोलीत खाटेवर पडून राहायचं, बाग तिथून दिसत नाही, आणि घर हलवणं परवावर आलेलं!

"त्यात काय," हे म्हणाले. "मी नकाशा काढतो."

हे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. अख्ख्या गावाचे पाईप ह्यांच्या बोटांखालून गेले. पण गुलाब आणि वांगं यांतला फरक ह्यांना वांगं धरल्यावर कळायचा. पेन्सिल, पट्टी घेऊन बागेत गेले, तासाभराने सुंदर नकाशा घेऊन आले. चौकट, आत बारा गोल, तीन ओळींत चार-चार, अंतरं फुटाइंचांत.

"आता तू गोलांत नावं लिही. ठेवायचा की द्यायचा, तेही लिही."

मी खाटेवर पडल्या पडल्या डोळे मिटले, मनाने स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि खालच्या ओळीपासून लिहायला लागले. खाली डावीकडे पहिला गोल, आईचा गुलाब, ठेवायचा. त्याच्या शेजारी तांबडा, ठेवायचा. असं करत वर उजवीकडचा शेवटचा गोल, घुमी. त्याच्यापुढे लिहिलं, "वन्संना द्यायची." लिहिताना मला हसू आलं होतं, हे कबूल करते.

खणायला ह्यांचा जुना मुकादम आला. तीस वर्षं ह्यांच्याच नकाशांवरून त्याने चर खणले होते. "साहेबांचा नकाशा हातात असला की आपण डोळे मिटून खणतो, बाई," तो खिडकीतून मला सांगून गेला. आदल्या दिवशी पाणी भरलं होतं. त्याने प्रत्येक झाडाभोवती हातभर लांबून गोल चर मारला, मुळांचा गड्डा मातीसकट अलगद उचलला, ओल्या पोत्यात शिवला. माझ्या खोलीत नुसते आवाज येत होते. मधूनच वन्संचा आवाज, "अरे छोट्या, मुळं उघडी ठेवू नकोस! बाळाला गुंडाळल्याशिवाय बाहेर काढतात का?" छोट्या म्हणजे हे, वय वर्षं पासष्ट. मग एकदम वन्सं गप्प झाल्या. इतका वेळ गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. जाताना माझ्या खोलीत डोकावून म्हणाल्या, "माझं झाड घेऊन निघते हं. मन मोठं आहे तुझं, वहिनीबाई." मला वाटलं, टोमणा मारताहेत. मारला तर मारला, झाड घुमीच आहे ना!

मला खुर्चीत बसवून मुकादमाने आणि त्याच्या दोन माणसांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मागून गुलाब चढले. गच्चीवर पिंपांत झाडं लावून झाल्यावर ह्यांनी माझी खुर्ची त्यांच्याजवळ नेली. "कर बाई तपासणी. नाहीतर मला झोप लागू द्यायची नाहीस."

मी "आईचा गुलाब" अशी ह्यांनी नकाशावरून पट्टी बांधलेल्या काठीवरून हळूच बोट फिरवलं. डोळे भरून आले. "हाच," मी म्हणाले. "हा काटा मी हजारांत ओळखीन."

त्यानंतर सात आठवडे मी त्या काठीची जी सेवा केली! पहिले दहा दिवस चादर बांधून सावली धरली. सकाळी पाणी मीच घालायचे, प्लास्टरचा पाय पुढे टाकून, फरफटत. तिच्याशी आईच्या गोष्टी बोलायचे. नवी पानं आली तेव्हा मी ह्यांना हलवून जागं केलं. मग एक कळी धरली, चांगली टपोरी. मी रोज बघत होते. हिरव्या टोपणाला चीर पडली आणि आतून रंग दिसला.

पिवळा.

पिवळा म्हणजे नुसता पिवळा नाही. पिकत आलेल्या आंब्याला सूर्याकडच्या बाजूने येतो तसा, कडेला केशरी झाक. माझ्या बारा गुलाबांत पिवळा गुलाब नव्हताच. मी खुर्चीतून खाली वाकले आणि बुंध्याजवळची माती बोटांनी बाजूला केली. तिथे कलमाची गाठ होती, सुपारीएवढी. आईचा गुलाब काडीवरून आलेला, त्याला गाठ असायचं कारणच नाही. इतके दिवस मी काटे कुरवाळत बसले होते, बुंधा बघायचं डोक्यात आलं नव्हतं.

"अहो!" माझी हाक दुसऱ्या मजल्यावर ऐकू गेली असणार. "नकाशा आणा!"

हे नकाशा घेऊन आले. आम्ही तो पिंपाच्या काठावर पसरला.

"हा खालचा डावा गोल," मी म्हणाले. "स्वयंपाकघराच्या दाराजवळचा."

"दाराजवळचा कसा? खाली रस्ता आहे."

"खाली दार आहे!"

"अगं, खाली रस्ता. नकाशात रस्ता नेहमी खाली. पाईप रस्त्यावरून आत येतो, घरातून रस्त्यावर जात नाही. मुकादमही तसाच वाचतो. आम्ही तीस वर्षं..."

"कुठे लिहिलंय रस्ता? कुठे काढलंय घर?"

ह्यांनी चष्मा वर सरकवला, नकाशा फिरवून बघितला. अख्ख्या गावाचे पाईप बिनचूक काढणाऱ्या माणसाने घर काढलं नव्हतं आणि रस्ताही. मी दारातून लिहिलं, त्यांनी फाटकातून वाचलं. खालचं डावं ते वरचं उजवं झालं. बोटाने एकेक गोल मोजत आम्ही शेवटपर्यंत गेलो. ठेवायचे सहाच्या सहा दिले गेले होते, आणि द्यायचे सहाच्या सहा माझ्या गच्चीत होते. एकही चुकून बरोबर राहिला नव्हता.

"म्हणजे ही घुमी," हे म्हणाले आणि त्या कळीकडे बघून हळूच पुढे म्हणाले, "बिचारीला ऊन हवं होतं."

मला त्या क्षणी घुमीचं कौतुक सुचत नव्हतं. आईचा गुलाब कुठे गेला, ते आता स्पष्ट होतं. वन्संकडे. आणि तो परत आणायचा तर वन्संना सांगावं लागणार होतं की मी तुम्हाला मुद्दाम न फुलणारं झाड काढून दिलं होतं.

त्यात भर म्हणजे त्याच आठवड्यात जुने शेजारी एकेक करून भेटायला यायला लागले. शिंपीदादा आले ते पेढे घेऊन. "काकू, तुम्ही तुमचा तांबडा मला दिलात! आम्ही म्हणत होतो, काकू मरतुकडं काहीतरी देतील." शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्यासारखं मन सगळ्यांना मिळालं तर जगात भांडण उरणार नाही." मी मान खाली घालून चहा करत होते. हे आत जाऊन तोंडात पंचा कोंबून हसत होते.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन बसने वन्संकडे निघाले. घुमीचं फूल त्या सकाळी पूर्ण उमललं होतं. ते देठासकट कापून ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. पुरावा म्हणून. वाटेत बोलणं पाठ केलं. वन्सं, अदलाबदल झाली, चूक ह्यांची, माझं मला द्या, तुमचं तुम्हाला देते. सरळ हिशेब.

वन्संनी दार उघडलं. "आलीस? मी तुझी आठ दिवसांपासून वाट बघतेय. पाय वर घेऊन बस. नको, आधी मागे चल. नको, आधी पाय."

मागे चार फरशांएवढं अंगण होतं. तिथे पोचायच्या आधी वास पोचला. आईचा गुलाब भिंतीला धरून उभा होता, तीन फुलं आणि कळ्या कितीतरी. माझ्या घरी सुद्धा इतका ताजा दिसत नव्हता. मी पाठ केलेलं सगळं विसरले. पुढे जाऊन नाक फुलात खुपसलं. किती वेळ कोण जाणे.

"तुम्हाला माहीत होतं?" मी शेवटी विचारलं.

"मुकादमाची कुदळ दाराजवळ पडली तेव्हाच. दाराशी कुठलं झाड आहे हे मला झोपेत विचार. आणि उपटल्यावर बघितलं, बुंध्याला गाठ नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली होतीस का, मला काय देतेयस ते? तिथे नकाशात स्वच्छ लिहिलं होतं, घुमी, वन्संना द्यायची. मी म्हटलं, वहिनीबाईंनी आपल्याला घुमी दिली आणि देवाने गुलाब. मी कुणाचं ऐकायचं?"

माझे कान तापले. मग मी जे सांगायचं टाळत होते तेच सांगितलं. दहा वर्षं झाड थकलं नव्हतं, वन्सं. मी खोटं बोलत होते. त्या काट्यांच्या वाक्यासाठी.

"कुठलं वाक्य?"

त्यांना आठवतही नव्हतं! मी चाळीस वर्षं मुरवलेलं लोणचं, आणि त्यांना बरणी सुद्धा ओळखता येईना. मी ते वाक्य बोलून दाखवलं तेव्हा त्या आधी चकित झाल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "अगं, मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. रात्रपाळी करून आले होते. त्या दिवशी राजा समोर आला असता तर त्यालाही बोलले असते."

मग त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"आता माझं ऐक. तुझी आई आमच्या दवाखान्यात होती ना, शेवटचे अकरा दिवस? तू दिवसा यायचीस. रात्री माझी पाळी संपली की मी वरच्या मजल्यावर तिच्याजवळ जाऊन बसायचे. एकदा तिने विचारलं, माझा गुलाब तुझ्याकडे आहे का गं? मी म्हटलं, आहे. तिला इतकं बरं वाटलं! म्हणाली, मग दोन घरी आहे, आता तो मरायचा नाही. मी खोटं बोलले होते. दहा वर्षं ते खरं करायला बघत होते, पण तू काडी देईनास."

"मला हे कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू दिला असतास. रडून दिला असतास. मला तसा नको होता."

आई मला हे बोलली नव्हती, वन्संना बोलली होती, आणि गंमत म्हणजे त्याचं वाईट वाटायच्या जागी मला सुटल्यासारखं वाटत होतं. दोन घरी आहे. झाड मागायला आले होते, ते शब्द तोंडात विरघळून गेले.

"राहू दे तुमच्याकडे," मी म्हणाले. "इथे शोभतो."

"तो राहणारच आहे. तुला कोण देतंय?" वन्सं उठल्या. "पण रिकाम्या हाताने पाठवायची पद्धत नाही आमच्या वॉर्डात."

न्हाणीच्या आडोशाला काचेच्या बरण्या उपड्या घालून ठेवल्या होत्या, प्रत्येकीखाली वाळूत खोवलेली एक काडी. मी छाटणी करून टाकलेल्या फांद्यांतल्या ह्या काड्या त्यांनी दाराजवळच्या ढिगातून उचलल्या होत्या. त्यातल्या दोन सुकल्या होत्या. तिसरीला पाच पानं फुटली होती. वन्संनी बरणी काढली, छोट्या कुंडीतली ती काडी माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या बुंध्याला बँडेजची पट्टी बांधलेली होती आणि त्यावर वॉर्डातल्या गोल अक्षरात लिहिलं होतं: "मुलगी. आई: आईचा गुलाब. गाठ नाही. तब्येत उत्तम."

"पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक बाळ बदललं नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही नवराबायकोने एका सकाळीत बारा बदललीत!"

मग मला पिशवीतल्या फुलाची आठवण झाली. फडकं सोडून ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं. वास घेतला. "ही कोण? हिला मी कधी बघितलेली नाही."

"बघितलीत. वीस वर्षं बघितलीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, फुलाकडे बघितलं. "घुमी? हसली?"

"हसली."

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या आणि त्या रंगाकडे बघतच राहिल्या. "मला हिची काडी हवी हं. आणि पुढच्या वर्षी नाही, यंदा."

मी यंदाच दिली.

घरी आले तेव्हा हे गच्चीवर होते. कुंडीची पट्टी वाचून ते बराच वेळ हसले. मग पेन्सिल, पट्टी घेऊन बसले. सहा पिंपं आणि सातवी कुंडी, असा गच्चीचा नवा नकाशा काढायला. मी वाकून बघितलं. ह्या वेळी त्यांनी सगळ्यात आधी दार काढलं होतं, आणि दारात काठीएवढं एक माणूस, हातात झारी.

"हे कोण?" मी विचारलं.

"तू," ते म्हणाले. "म्हणजे कुठून बघायचं ते कळेल."